भामेची वंशावळ

मला राग लवकर येतो. आमच्या घराण्यातच तो आहे, असं मी अडुसष्ट वर्षं सांगत आलो आणि लोकांनीही ते ऐकून घेतलं. गेल्या महिन्यातल्या त्या गुरुवारपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी वासुदेवराव. कुंभकोणात मेलकावेरीला राहतो. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो, पण गाव मला ओळखतं ते माझ्या वह्यांमुळे. तंजावरकडच्या आमच्या मराठी घराण्यांच्या वंशावळी माझ्याकडे सात वह्यांत आहेत. कोणाचं गोत्र काय, आजोळ कुठलं, कोण दत्तक गेला, कोणाच्या चुलत्याचं डोकं फिरलं होतं, सगळं. लग्न ठरवायच्या आधी माणसं माझ्या ओट्यावर येऊन बसतात. बापाकडून सात पिढ्या मोजायच्या, आईकडून पाच. एकच पूर्वज दोन्हीकडे सापडला की संबंध सपिंड, म्हणजे रक्ताचा, आणि स्थळ बाद. मी ‘नको’ म्हटलं की नको. पुण्याचे पाहुणे आमची बोली ऐकून गालातल्या गालात हसतात, पण वह्या पाहिल्या की गप्प होतात.

त्या गुरुवारी दुपारी चार वाजता भामेला मारायचं होतं. आणि तो निकाल मी दिला होता.

भामा म्हणजे घोडी. शर्यतीच्या जातीची, थरोब्रेड. तिचं धावण्याचं वय सरल्यावर चंद्रमौलीने ती चेन्नईहून आणली. मरुदानल्लूरजवळ त्याची नारळाची बाग आहे, तिथे त्याने घोडेस्वारी शिकवायची शाळा काढलीय. शिकवते माझी मुलगी, श्रीरंजनी. बाकीचे तीन घोडे गावठी, गरीब गाईसारखे. ही एकच नखरेल. अंगाला हात लावण्याआधी तिची परवानगी घ्यावी लागते, म्हणून श्रीरंजनीने नाव ठेवलं भामा. घोडीबरोबर स्वामीनाथही आला. पन्नाशी उलटलेला, मितभाषी तमिळ माणूस. भामा दोन वर्षांची असल्यापासून तोच तिचं खाणंपिणं, खरारा, सगळं बघायचा. ती त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपायची. मी स्वतः पाहिलंय.

रविवारी मरुदानल्लूरच्या भजनमठात रुक्मिणीकल्याण, म्हणजे कृष्ण-रुक्मिणीचं लग्न होतं. श्रीकृष्णाची वरात निघते, तसबीर पालखीत, पुढे नादस्वरम् वाजत. यंदा पालखीपुढे घोडी चालवू या, असं चंद्रमौलीला वाटलं. श्रीरंजनी त्या दिवशी तिरुच्चीला खोगीर आणायला गेली होती. मी म्हटलं, देवापुढे चालणार तर तिला मान नको? आमच्याकडे देवळात मान म्हणून परिवट्टम् बांधतात, कपाळाभोवती रेशमी वस्त्र. मी घरातलं तिरुभुवनमचं कोरं उपरणं नेलं. स्वामीनाथ म्हणाला, “वेंडाम्, सामी.” नको म्हणाला. मी त्याला चारचौघांत झापलं. मानाला नको म्हणणारा तू कोण?

उपरणं मीच बांधलं. कोरं रेशीम ते, निसटून तिच्या डोळ्यांवर आलं. पण घोडी हलली नाही. कान ताठ, पाय रोवलेले, देवळातल्या दगडी घोड्यासारखी उभी. “पाहा, खानदान याला म्हणतात!” असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा. मग नीट बांधावं म्हणून मी ते ओढून काढलं.

पुढचं मला सलग आठवत नाही. ती सुटली एवढं खरं. दोरी स्वामीनाथच्या मनगटाला गुंडाळलेली, तो फरफटत गेला, तिच्या पायांखाली आला. पालखी कलंडली, तसबिरीची काच फुटली, बायका किंचाळत देवळात शिरल्या. बागेच्या कुंपणाशी घोडी थांबली तेव्हा स्वामीनाथचं मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी चंद्रमौली माझ्याकडे आला. त्याच्या हातात भामेचा पासपोर्ट होता. या घोड्यांना असतो तसा, आत पाच पिढ्यांची वंशावळ छापलेली. बिचारा रडकुंडीला आला होता. गाव म्हणत होतं घोडी वेडी आहे, देवाची काच फोडली. विकावी तर वेडं जनावर दुसऱ्याच्या गळ्यात मारल्याचं पाप. मारावी तर तेही पापच. “मामा, तुम्ही पाहून सांगा,” म्हणाला. एकोणीस वर्षांपूर्वी त्याचं लग्नही माझ्याच शब्दावर झालेलं.

मी चष्मा लावला. इंग्रजी नावं, पण वंशावळ ती वंशावळ. बापाकडून तिसऱ्या पिढीत एक घोडा होता, ‘रिव्हर अ‍ॅडमिरल’. आईकडून चौथ्या पिढीत पुन्हा तोच. सपिंड! मी बोट ठेवून दाखवलं आणि म्हणालो, “खाण तशी माती. रक्तांतच वेड आहे हिच्या. यास औषध नाहीं. तिला सोडविणें हेंच पुण्य.” चंद्रमौलीने डोळे पुसले. बागेत जाऊन त्याने जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला आणि घोडीला इंजेक्शन टोचून मारायच्या कागदावर सही केली.

श्रीरंजनी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. ती कुणाकुणाच्या हातापाया पडली, चंद्रमौलीशी भांडली, पण माझ्या शब्दापुढे तिचं कोण ऐकणार? घोडी शिकवणारी घोडीचीच बाजू घेणार, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

गुरुवारी दुपारी दोन वाजता ती हॉस्पिटलातून घरी आली. ऑपरेशननंतर स्वामीनाथ त्या दिवशी पहिल्यांदा शुद्धीत नीट बोलला होता. तिने चप्पल दारात काढली नाही, तशीच आत आली.

“अप्पा, भामेच्या डोळ्यांवरचा फडका तुम्ही ओढून काढलांत कां?”

“फडका काय म्हणतेस? परिवट्टम् होतं तें. तिरुभुवनमचं रेशीम.”

“ओढलांत कां?”

“ओढलं. नीट बांधायास ओढलं. त्याचं काय?”

ती खालीच बसली. मग तिने सांगितलं ते असं. शर्यत सुरू होते तिथे लोखंडी कप्पे असतात, प्रत्येक घोडा एकेका कप्प्यात. भामा लहानपणी त्या कप्प्याला भ्यायची, आत जायची नाही. म्हणून स्वामीनाथ तिचे डोळे फडक्याने बांधून आत न्यायचा. डोळे बांधले की निश्चल उभं राहायचं. फडका ओढला की दार उघडतं, आणि जिवाच्या आकांताने पळायचं. सहा महिने खपून त्याने हे तिच्या अंगात मुरवलं होतं. चार वर्षं तिने तेच केलं.

“ती वेडी झाली नाहीं, अप्पा. तिनें ऐकलं. तिला जें शिकविलं होतं तेंच तुम्ही सांगितलांत, आणि तिनें केलं.”

खरं सांगतो, त्या क्षणी मला कळलं होतं. पण माणूस कळल्यावरच जास्त चिडतो. मी ओरडलो, “तें कांहीं असो, रक्त रक्त असतं! एकच नांव दोनदां आहे. बापाकडून तिसऱ्या पिढींत, आईकडून चौथ्या. मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिलं.”

ती उठली. कपाटातून तिसरी वही काढली, आमच्या घराण्याची, आणि माझ्यापुढे उघडून ठेवली.

“आतां माझं मोजा.”

माझी बायको कृष्णवेणी ही माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे या दक्षिणेत मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा. त्या लग्नात पिढ्या कोणी मोजत नाही, मीही कधी मोजल्या नाहीत. श्रीरंजनीने माझ्या आईच्या वडिलांच्या, अप्पाजींच्या नावावर बोट ठेवलं. “बापाकडून तिसऱ्या पिढींत अप्पाजी. आईकडून तिसऱ्या पिढींत अप्पाजी. भामेचं तीन-चार. माझं तीन-तीन. मग मला कधीं टोचवितां?”

स्वयंपाकघरातून कृष्णवेणी म्हणाली, “आणि राग तिला आमच्या बाजूनें आलेला नाहीं, तेवढें लिहून ठेवा.”

एरवी मी त्यावर चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी नाही. घड्याळात अडीच वाजले होते. चंद्रमौलीला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. त्याला ते बघवणार नव्हतं, म्हणून त्याने फोनच बंद करून ठेवला असणार. श्रीरंजनीने स्कूटर काढली, मी मागे बसलो. लुंगीवरच. उपरणंही घेतलं नाही.

कुंभकोणातली दुपारची गर्दी काय सांगू. महामहम तळ्याशी यात्रेकरूंच्या बसेस आडव्या लावलेल्या. रेल्वे फाटक बंद. आम्ही उन्हात उभे, आणि मालगाडी डबा डबा मोजत चाललेली. श्रीरंजनीचे खांदे हलत होते. ती रडतेय हे मला मागून कळत होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, तिने अंग काढून घेतलं. आयुष्यात इतक्या लोकांना मी ‘नको’ म्हटलं, पण असं ‘नको’ मला कधी कोणी म्हटलं नव्हतं.

बागेत पोहोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. डॉक्टर आलेला होता. पत्र्याच्या शेडखाली भामा दोन्हीकडून दोऱ्यांनी बांधून ठेवलेली, चार दिवसांत खरारा नाही, बरगड्या दिसायला लागलेल्या. श्रीरंजनीला पाहून तिने नाकातून हलकासा आवाज काढला. चंद्रमौली पाठ करून विहिरीपाशी उभा होता. श्रीरंजनी सरळ घोडीच्या आणि डॉक्टरच्या मध्ये जाऊन उभी राहिली. मी धापा टाकत चंद्रमौलीला गाठलं.

“थांबव. चूक माझी आहे. फडका मीं ओढला, म्हणून ती पळाली.” मी सगळं सांगितलं. कप्पे, फडका, सहा महिने, सगळं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझे हात हातात घेतले. “मामा, मुलगी रडली म्हणून तुमचं मन विरघळलं. मला कळतं. माझंही विरघळतें. पण तुम्हीच सांगितलांत, रक्तांत आहे. तुमचा शब्द आजवर खोटा पडला नाहीं.”

“अरे, आतां पडला! मींच पाडतों आहें ना!”

“तुम्ही मोठे. मायेनें बोलतां.”

“मग माझ्यासमोर पुन्हां फडका बांध. मी ओढतों. पाहा ती काय करिते तें.”

“एक मांडी मोडली तेवढें पोदुम्, पुरे, मामा. तुमची मोडूं देणार नाहीं.”

डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं. भला माणूस होता, पण त्याला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. श्रीरंजनी त्याच्याशी तमिळमधून वाद घालत होती, तिचा आवाज फाटला होता. शेवटी तो म्हणाला, मालकाची सही आहे, मालकाने सांगितलं तर मी निघून जातो. आणि मालक माझे हात धरून मलाच धीर देत होता. मी त्याला गदागदा हलवलं. मी शिव्या दिल्या. मी, वासुदेवराव, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणसाच्या पायाशी वाकलो. त्याने मला वरच्यावर धरलं आणि बसायला खुर्ची मागवली. माझं खोटं इतकं पक्कं बसलं होतं की माझं खरं त्याला धक्का लावू शकत नव्हतं.

डॉक्टरने पेटी उघडली. श्रीरंजनी ओरडली, “अप्पा!”

तेव्हा मला सुचलं. सुचलं म्हणायचीही लाज वाटते.

“चंद्रमौली,” मी म्हणालो, “पासपोर्ट आण. मी मोजण्यांत चुकलों असें वाटतें.”

तो झटकन वळला. माझं पोटतिडकीचं बोलणं ज्याने पाव तास कानाआड केलं, तो मोजण्यात चूक म्हटल्याबरोबर धावत गेला. पुस्तिका आणून त्याने माझ्यापुढे धरली. माझा चष्माही घरी राहिला होता. मला एक अक्षर दिसत नव्हतं. मी त्या धूसर रेघांवरून बोट फिरवत गेलो आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटलो, लग्नाच्या वेळी करतो तसं.

“हा पाहा. हें नांव इकडून येतें. म्हणजे हा संबंध मामाच्या मुलीचा. तुझ्या आईबापांचा, माझा, तोच. आपल्यांत त्यास दोष नाहीं. उलट पहिला मान.”

“म्हणजे रक्त चांगलं?”

“उत्तम. खानदानी.”

चंद्रमौलीचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. “मग हें आधीं नाहीं कां सांगायचं, मामा!” म्हणाला, आणि डॉक्टरकडे धावला. सही केलेला कागद फाडला, पुन्हा पुन्हा क्षमा मागितली. पेटी बंद झाली, डॉक्टरची गाडी नारळांमधून निघून गेली. श्रीरंजनीने भामेच्या गळ्यात तोंड खुपसलं. घोडी तिच्या वेणीशी चाळा करत उभी होती.

मी खुर्चीत बसून होतो. चंद्रमौली पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि समोर उकिडवा बसला. मग म्हणाला, “रक्त चांगलं आहे, तर मग हात वाईट.”

“कोणाचा हात?”

“स्वामीनाथचा. इतकीं वर्षें तोच तिला सांभाळितो. चांगल्या रक्ताची घोडी अशी कां होईल? त्यानेंच कांहीं भलतें शिकविलें असणार. तुम्हीच तर सांगितलांत आतां, फडक्याचें. बरें केलांत. हाड जुळेपर्यंत पाहीन मी त्याचें, माणुसकी आहे. पण पुन्हां त्याला घोडीला हात लावूं देणार नाहीं.”

“हात माझा होता!” मी ओरडलो. “बांधला मीं, ओढला मीं! तो नको म्हणत होता!”

तो हसला. प्रेमानेच हसला. “तुम्ही कोणाचाही दोष आपल्या अंगावर घेतां, मामा,” म्हणाला आणि माझ्या पायांना हात लावून उठला.

मी पुष्कळ बोललो. स्वामीनाथ किती चांगला आहे, घोडी त्याच्या खांद्यावर कशी झोपते, सगळं सांगितलं. पण त्या माणसाची वंशावळ माझ्या वह्यांत नाही. त्याच्या बाजूने दाखवायला माझ्याकडे एकही पिढी नव्हती. आणि ज्याच्याकडे पिढ्या नाहीत त्याच्याबद्दल माझं बोलणं म्हणजे नुसतं एका म्हाताऱ्याचं बोलणं. चंद्रमौलीला असं ऐकायला शिकवलं कोणी? मीच. एकोणीस वर्षं शिकवलं.

संध्याकाळी सहाला आम्ही हॉस्पिटलात गेलो. वाटेत श्रीरंजनी एवढंच बोलली, “तुम्हीच सांगा. मी नाहीं सांगणार.” वॉर्डाच्या दारातच ती थांबली.

स्वामीनाथची मांडी वर टांगलेली होती. मला पाहून तो उठायला लागला, मी दाबून निजवलं. त्याने पहिला शब्द उच्चारला तो, “कुदिरै?” घोडी?

“जिवंत आहे,” मी तमिळमध्ये सांगितलं. “डॉक्टर परत गेला. तिला कोणी हात लावणार नाही.”

त्याने डोळे छताकडे लावले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत जात होतं, त्याने ते पुसलं नाही. मग एकदम बोलायला लागला. इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. “तुम्ही रक्त म्हणता ते खोटं नाही, सामी. तिचं रक्त लवकर शिकतं. गावठी घोड्याला शंभरदा सांगावं लागतं ते हिला दोनदा. पण वाईटही ती दोनदातच शिकते. रक्ताला काय, शिकवाल ते शिकेल. फडक्याचं मी शिकवलं, माझं पोट होतं त्यावर. आता मीच ते पुसून काढीन. फडका हातात घेऊन तिला गूळ द्यायचा, रोज. फडका काढायचा, गूळ द्यायचा, जाग्यावरून हलायचं नाही. सहा महिने लागतील. काठी घेऊन उभा राहता आलं की लगेच सुरू करतो. तोवर श्रीरंजनी अम्माला सांगा, कोणाला डोळ्यांजवळ कापड नेऊ देऊ नका.”

मी मान हलवत राहिलो. त्याचा हात माझ्या हातात होता, तळव्यावर दोरीचा वळ अजून लाल होता. माझ्या मनात आलं, आज नको, उद्या सांगू, हाड जुळल्यावर सांगू. मी दाराकडे पाहिलं. श्रीरंजनी तिथेच उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

स्वामीनाथने तेवढ्यात सहजच विचारलं, “घोडी वाचली, म्हणजे दोष तिचा नाही असं ठरलं. मग दोष कोणाचा ठरला, सामी?”

“तुझा,” मी म्हणालो.